मेडिकेडची मृत्यूनंतरची वसुली: घर आणि वारसा कसा राखावा

अमेरिकेत एखाद्या वृद्ध व्यक्तीच्या नर्सिंग होमचा, म्हणजे मुक्कामी शुश्रूषा केंद्राचा, खर्च मेडिकेड या, कमी उत्पन्न व मालमत्ता असलेल्यांसाठीच्या, सरकारी योजनेने उचलला असेल, तर त्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर राज्य सरकार तो खर्च तिच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून परत मागते. पत्र येते, त्यात अनेकदा लाखांच्या घरातली रक्कम असते, आणि दुःखात असलेले कुटुंब एकतर घाबरून घर विकायला काढते किंवा ते पत्र तसेच बाजूला ठेवून देते. दोन्हींमुळे नुकसान होते. या वसुलीला कायद्यानेच अनेक मर्यादा घातलेल्या आहेत. परंतु त्यांतल्या बऱ्याचशा मर्यादा कोणीतरी मुदतीत, लेखी आणि पुराव्यांसह मागितल्याखेरीज पदरात पडत नाहीत. आजारी आईची दोन वर्षे सेवा करणारी मुलगी त्या घरात राहत होती का, हे सरकारी कार्यालय स्वतःहून शोधून काढत नाही. ते सांगावे लागते आणि सिद्ध करावे लागते.

१९६५ नंतर अमेरिकेत आलेल्या मराठी कुटुंबांची पहिली पिढी आता उतारवयात आहे. शिवाय मुलांनी ग्रीन कार्डावर बोलावून घेतलेले आईवडील सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या प्रतीक्षेनंतर मेडिकेडसाठी अर्ज करू शकतात. त्यामुळे हा विषय आपल्या घरांपर्यंत येऊन पोहोचला आहे, आणि त्यावर मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही.

कायदा नेमके काय म्हणतो

आधी एक गल्लत दूर करायला हवी. मेडिकेअर ही ६५ वर्षांवरील लोकांची आरोग्य विमा योजना आहे आणि तिच्या नेहमीच्या लाभांसाठी मृत्यूनंतर अशी वसुली होत नाही. मात्र मेडिकेअर नर्सिंग होमचा दीर्घ मुक्काम भागवत नाही. ती रुग्णालयातून आल्यानंतरच्या कुशल शुश्रूषेचे जास्तीत जास्त १०० दिवस पाहते, आणि त्यांतही २१ व्या दिवसापासून रुग्णाला स्वतःचा हिस्सा भरावा लागतो. त्यापुढचा खर्च परवडेनासा झाला की माणूस मेडिकेडकडे वळतो, आणि वसुलीचा प्रश्न तेथून सुरू होतो.

१९९३ च्या संघीय कायद्याने ही वसुली सर्व राज्यांना बंधनकारक केली. वेस्ट व्हर्जिनियाने या बंधनाला न्यायालयात आव्हान दिले होते, पण २००२ मध्ये अपील न्यायालयात ते राज्य हरले. कायद्यानुसार वयाच्या ५५ व्या वर्षानंतर मिळालेल्या नर्सिंग होमच्या सेवा, घरी किंवा समाजात राहून मिळालेल्या दीर्घकालीन शुश्रूषेच्या सेवा, आणि या काळातला त्यांच्याशी संबंधित रुग्णालयाचा व औषधांचा खर्च, एवढ्याची वसुली राज्याने केलीच पाहिजे. त्याहून अधिक, म्हणजे ५५ नंतरच्या इतर वैद्यकीय सेवांचीही वसुली करायची की नाही, हे राज्याच्या मर्जीवर सोडलेले आहे. मेडिकेअरचे हप्ते आणि रुग्णाचा हिस्सा भरण्यासाठी मेडिकेडने केलेली मदत मात्र २०१० पासून वसुलीतून वगळलेली आहे.

मृत व्यक्तीच्या मागे पती वा पत्नी हयात असेल, २१ वर्षांखालील मूल असेल, किंवा कोणत्याही वयाचे अंध वा अपंग मूल असेल, तर तोवर वसुली करता येत नाही. हे अपंग मूल त्या घरातच राहत असले पाहिजे, अशी अट येथे नाही. ते दुसऱ्या शहरात राहत असले तरी हे संरक्षण मिळते, आणि ही गोष्ट अनेक कुटुंबांच्या लक्षातच येत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हा दावा मृत व्यक्तीच्या मालमत्तेवर असतो. मुलगा, मुलगी, सून वा जावई यांनी स्वतःच्या खिशातून तो फेडायचा नसतो. मागे काहीच राहिले नसेल तर वसूलही काही होत नाही. काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, मेडिकेडविषयी सल्ला देणाऱ्या मॅकपॅक या आयोगाने मार्च २०२१ मध्ये ही वसुली राज्यांसाठी ऐच्छिक करावी, अशी शिफारस केली. २०१९ च्या आर्थिक वर्षात सर्व राज्यांनी मिळून सुमारे ७३ कोटी डॉलर वसूल केले होते, आणि दीर्घकालीन शुश्रूषेवर मेडिकेडने केलेल्या खर्चाच्या तुलनेत ही रक्कम एक टक्काही भरत नव्हती. तिजोरीत इतकी थोडी भर घालणारी ही वसुली ज्या घरांतून होते ती बहुतेक साध्या माणसांची एकुलती एक मिळकत असतात. म्हणून तिच्या मर्यादा पुरेपूर वापरण्यात कोणालाही संकोच वाटण्याचे कारण नाही.

पहिली पायरी: आपल्या राज्याचा नियम शोधणे

संघीय कायदा हा केवळ पाया आहे. प्रत्यक्षात काय वाचते आणि काय जाते, हे राज्यावर अवलंबून असते, आणि त्यातला कळीचा प्रश्न असा, की राज्य मालमत्ता कशाला म्हणते. काही राज्ये फक्त प्रोबेट, म्हणजे मृतांच्या मालमत्तेची वाटणी पाहणाऱ्या, न्यायालयातून जाणारी मालमत्ता धरतात. म्हणजे मृत व्यक्तीच्या एकट्याच्या नावावर असलेली आणि मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने वाटली जाणारी. दुसरी राज्ये याहून विस्तृत व्याख्या करतात आणि संयुक्त नावावरची मालमत्ता, लिव्हिंग ट्रस्टमध्ये, म्हणजे मालकाने हयातीतच केलेल्या विश्वस्त व्यवस्थेत, ठेवलेले घर, हयातीपुरता उपभोगाचा हक्क अशा गोष्टींनाही हात घालू शकतात.

मराठी वस्ती मोठी असलेल्या काही राज्यांकडे पाहिले तर हा फरक किती मोठा आहे ते दिसते. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०१७ पासूनच्या मृत्यूंसाठी वसुली केवळ प्रोबेटमधल्या मालमत्तेपुरती आणि संघीय कायद्याने बंधनकारक केलेल्या सेवांपुरती मर्यादित केली, आणि मागे पती वा पत्नी असेल तर वसुलीच बंद केली. टेक्सासमध्येही वसुली प्रोबेटच्या मालमत्तेतूनच होते; शिवाय १ मार्च २००५ पूर्वी ज्यांनी दीर्घकालीन सेवांसाठी अर्ज केला होता ते लोक या योजनेतून बाहेर आहेत. न्यू जर्सी मात्र विस्तृत व्याख्या वापरते आणि ५५ नंतरच्या सर्व मेडिकेड खर्चाचा दावा करते. त्यामुळे टेक्सासमधल्या भावाने केलेली व्यवस्था एडिसनमधल्या बहिणीला जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. फ्लोरिडात राहते घर थेट वारसांकडे जात असेल तर राज्याच्या संविधानातील तरतूदच त्याला धनकोंपासून संरक्षण देते. मॅसॅच्युसेट्सने २०२४ मध्ये कायदा करून आपली वसुली संघीय किमान मर्यादेवर आणली.

ही माहिती राज्याच्या मेडिकेड कार्यालयाच्या छापील पत्रकात मिळते. पत्रकाची तारीख पाहून घ्यावी, कारण गेल्या दहा वर्षांत अनेक राज्यांनी नियम बदलले आहेत आणि जुनी पत्रके अजूनही फिरत असतात.

दुसरी पायरी: कोणाच्या नावावर काय आहे, ते लिहून काढणे

कागदावर एक तक्ता करावा आणि त्यात प्रत्येक मिळकतीपुढे तीन गोष्टी लिहाव्यात: दस्तावर नाव कोणाचे, लाभार्थी म्हणून नाव कोणाचे, आणि मृत्यूनंतर ती प्रोबेटमधून जाईल की थेट एखाद्याकडे. आयुर्विमा, निवृत्ती खाते किंवा मृत्यूनंतर अमुक व्यक्तीला द्यावे असे नोंदवलेले बँक खाते नेमलेल्या व्यक्तीकडे थेट जाते. लाभार्थ्याचा रकाना कोरा असेल किंवा त्यात आधीच वारलेल्या व्यक्तीचे नाव असेल, तर तेच पैसे प्रोबेटमध्ये येऊन पडतात आणि दाव्याला सापडतात.

आपल्या कुटुंबांत एक गोष्ट वारंवार घडते. आईवडील मुलाच्या घरी राहतात, घर मुलाच्या नावावर असते, आणि तरीही सगळे धास्तावतात की सरकार घर घेईल. घराच्या दस्तावर आईवडिलांचे नाव नसेल तर ते घर त्यांच्या मालमत्तेत येत नाही, आणि या एका कारणाने अशा कुटुंबांची बरीचशी चिंता संपते. याउलट सोय म्हणून किंवा आदर म्हणून आईचे नाव दस्तात घातले असेल, तर तिचा हिस्सा निर्माण झालेला असतो. तसेच पुण्यातला फ्लॅट विकून आलेले पैसे वडिलांनी मुलाच्या घराच्या पहिल्या हप्त्यासाठी दिले असतील, तर ती देणगी ठरते, आणि देणगीचे परिणाम पुढे पाहू.

भारतातली मालमत्ता अर्जात सांगावी लागते. मेडिकेडच्या अर्जात सर्व मालमत्ता विचारलेली असते, आणि नाशिकची शेती किंवा ठाण्याचा फ्लॅट लपवणे ही फसवणूक आहे. तिचे परिणाम वसुलीपेक्षा कितीतरी वाईट होतात. एकत्र कुटुंबातील अविभाजित हिस्सा असेल आणि तो खरोखर विकता येत नसेल, तर सातबारा, फेरफार आणि वकिलाचे पत्र यांच्या इंग्रजी भाषांतरासह तसे मांडावे. निर्णय कार्यालयाचा असतो, पण मांडणी आपली असते.

तिसरी पायरी: पाच वर्षांचा हिशेब समजून घेणे

नर्सिंग होमसाठी मेडिकेडचा अर्ज केला की त्याआधीच्या ६० महिन्यांतले व्यवहार तपासले जातात. या काळात घर किंवा पैसे फुकट वा कमी किमतीत कोणाला दिले असतील, तर त्या रकमेला राज्यातील नर्सिंग होमच्या सरासरी मासिक खर्चाने भागून जितके महिने येतात तितके महिने मेडिकेड नाकारले जाते, आणि हे महिने देणगीच्या दिवसापासून नव्हे, तर व्यक्ती इतर सर्व बाबतींत पात्र ठरून मदत मागत असते तेव्हापासून मोजले जातात. म्हणजे पैसेही गेलेले असतात आणि मदतही मिळत नाही, अशी कोंडी होते. आजार उंबरठ्यावर येऊन उभा असताना घाईघाईने केलेले बक्षीसपत्र बहुधा उपायापेक्षा अपायच अधिक करते.

परंतु काही हस्तांतरणे या नियमातून मुक्त आहेत, आणि घर वाचवण्याचे सर्वांत भक्कम मार्ग तेच आहेत. राहते घर पती वा पत्नीला देता येते. २१ वर्षांखालील मुलाला, किंवा अंध वा अपंग मुलाला देता येते. ज्या भावाबहिणीचा त्या घरात मालकी हिस्सा आहे आणि जे भावंड, रुग्ण नर्सिंग होममध्ये जाण्याआधी, किमान एक वर्ष तेथे राहत होते, त्याला देता येते. आणि ज्या मुलाने वा मुलीने आईवडील नर्सिंग होममध्ये जाण्याआधी किमान दोन वर्षे त्याच घरात राहून अशी शुश्रूषा केली, की त्यामुळे त्यांना तितका काळ घरीच राहता आले, त्या मुलाला वा मुलीला देता येते.

हे शेवटचे संरक्षण मराठी घरांसाठी सर्वांत मोलाचे आहे आणि तेच सर्वांत जास्त वाया जाते. एकत्र राहणे आणि आईवडिलांचे करणे आपल्याकडे इतके गृहीत धरलेले असते की त्याचा कागद कोणी ठेवत नाही. तो ठेवावा. त्या पत्त्यावरचा वाहन परवाना, प्राप्तिकर विवरण, बँकेची पत्रे आणि मतदार नोंदणी यांवरून दोन वर्षांचे वास्तव्य सिद्ध होते. डॉक्टरांचे पत्र हवे, आणि त्यात रुग्णाची अवस्था नर्सिंग होमची गरज भासावी अशी होती आणि घरच्या शुश्रूषेमुळेच तो दाखल न होता राहू शकला, हे स्पष्ट शब्दांत असले पाहिजे. ‘मुलगी चांगली काळजी घेत असे’ एवढ्याने काम होत नाही. अंघोळ, औषधे, जेवण भरवणे, रात्रीचे उठणे यांची साधी रोजनिशी ठेवली तर ती पुढे शपथपत्राला आधार देते. नोकरी करत असलेल्या मुलाने आपण कामावर असताना कोण पाहत होते, हेही लिहून ठेवावे, कारण तो प्रश्न विचारला जातोच.

येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. कायद्याचे शब्द ‘मुलगा किंवा मुलगी’ असे आहेत. कितीतरी घरांत प्रत्यक्ष सेवा सून करते, पण तिने केलेली सेवा या सवलतीत तिच्या नावाने धरली जात नाही, आणि घर तिच्या किंवा नातवंडांच्या नावावर केले तर ही सवलत लागू होत नाही. हे अन्यायाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु नियम असा असल्यामुळे मुलाचा स्वतःचा सहभाग कोणता होता हे प्रामाणिकपणे आणि तपशिलाने नोंदवणे आवश्यक ठरते.

चौथी पायरी: घरावरील बोजा रोखणे

व्यक्ती हयात असतानाही राज्य तिच्या घरावर बोजा चढवू शकते, पण ती कायमची नर्सिंग होमसारख्या संस्थेत राहणार आहे आणि घरी परतण्याची वाजवी शक्यता नाही, असे ठरवल्यानंतरच. त्याआधी नोटीस आणि सुनावणीची संधी द्यावी लागते. घरात पती वा पत्नी, २१ वर्षांखालील मूल, अंध वा अपंग मूल, किंवा मालकी हिस्सा असलेले आणि एक वर्षापासून तेथे राहणारे भावंड राहत असेल, तर बोजा चढवता येत नाही. व्यक्ती घरी परतली तर तो उतरवावा लागतो.

म्हणून दाखल होतानाच दोन कागद तयार करावेत. पहिला, घरी परतण्याचा इरादा असल्याचे सही केलेले निवेदन. अनेक राज्यांत यामुळे घर पात्रतेच्या हिशेबातूनही वगळलेले राहते, अर्थात राज्याने ठरवलेल्या घरमूल्याच्या मर्यादेत. दुसरा, त्या घरात कोण राहते याचा पुरावा. बोजाची नोटीस आली तर सुनावणीची मागणी लेखी आणि मुदतीत करावी. फोनवर बोलून समाधान मानू नये.

पाचवी पायरी: दस्त, ट्रस्ट आणि विमा

वेळ हाताशी असेल तर आणखी मार्ग आहेत. ज्या राज्यांत वसुली प्रोबेटपुरती आहे, तेथे घर प्रोबेटबाहेर ठेवणारा दस्त पुरेसा ठरू शकतो. टेक्सासमध्ये मृत्यूनंतर हस्तांतर करणारा दस्त २०१५ पासून करता येतो, आणि टेक्सास, फ्लोरिडा, मिशिगन यांसारख्या राज्यांत लेडी बर्ड या नावाने ओळखला जाणारा दस्तही चालतो, ज्यात मालकाला हयातीत घर विकण्याचाही पूर्ण अधिकार राहतो आणि मृत्यूनंतर ते ठरलेल्या व्यक्तीकडे आपोआप जाते. मालकाने हयातीत काहीच खऱ्या अर्थाने दिलेले नसल्यामुळे अशा दस्ताला त्या राज्यांत देणगी मानले जात नाही.

साधा लिव्हिंग ट्रस्ट, जो करणारा हवा तेव्हा मोडू शकतो, तो मेडिकेडच्या पात्रतेसाठी स्वतःचीच मालमत्ता धरला जातो. तो प्रोबेट टाळतो म्हणून कॅलिफोर्नियात वसुलीपासून घर वाचवतो, पण विस्तृत व्याख्येच्या राज्यांत वाचवत नाही. न मोडता येणारा ट्रस्ट पाच वर्षे आधी केला तर तो भक्कम ठरतो, मात्र त्यात मुद्दलावरचा हक्क खरोखर सोडावा लागतो.

घर थेट मुलांच्या नावावर करण्याचा मोह अनेकांना होतो, आणि मी त्याबाबतीत सावध राहण्याचाच सल्ला देईन. मुलाचे कर्ज, दिवाळे किंवा घटस्फोट यांत ते घर अडकू शकते. शिवाय वारसाने मिळालेल्या घराची किंमत करासाठी मृत्यूच्या दिवसाच्या बाजारभावाने धरली जाते, तर बक्षीस मिळालेल्या घराला आईवडिलांची जुनी खरेदी किंमतच लागू राहते. १९८५ मध्ये ८०,००० डॉलरला घेतलेले घर आज विकताना हा फरक भांडवली करात मोठा भुर्दंड घालतो.

साठीच्या आत असलेल्यांनी दीर्घकालीन शुश्रूषेच्या भागीदारी विम्याचा विचार अवश्य करावा. बहुतेक राज्यांत उपलब्ध असलेल्या या पॉलिसीने जितके पैसे शुश्रूषेवर दिले तितकी मालमत्ता मेडिकेडच्या पात्रतेतूनही वगळली जाते आणि मृत्यूनंतरच्या वसुलीतूनही. साधी दीर्घकालीन शुश्रूषा पॉलिसी हे संरक्षण देत नाही. पॉलिसीच्या कागदावर ती राज्याच्या भागीदारी योजनेस पात्र आहे असे लिहिलेले असले पाहिजे.

सहावी पायरी: घरी राहिलेल्या जोडीदाराची व्यवस्था

वडील नर्सिंग होममध्ये आणि आई घरी, अशी स्थिती असेल तर घर आईच्या एकटीच्या नावावर करून घेणे बहुधा शहाणपणाचे असते, आणि वर सांगितल्याप्रमाणे त्याला दंड नाही. त्याच वेळी आईचे मृत्युपत्र बदलायला हवे. ते तसेच ठेवले आणि आई आधी गेली, तर घर पुन्हा वडिलांकडे येते, त्यांची पात्रता जाऊ शकते आणि नंतर संपूर्ण घर दाव्याखाली येते. काही राज्यांत जोडीदाराला मृत्युपत्राबाहेरचाही ठरावीक हिस्सा मिळण्याचा हक्क असतो, तो वकिलाने तपासावा. काही राज्ये जोडीदाराच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेतूनही पहिल्या व्यक्तीचा खर्च मागतात. म्हणून वडील गेल्यावर पत्र आले नाही, यावरून विषय मिटला असे धरून चालू नये.

सातवी पायरी: मृत्यूनंतरचे पहिले महिने

कोणतीही वाटणी करू नये. व्यवस्थापकाने, म्हणजे न्यायालयाने नेमलेल्या एक्झिक्युटरने, दावा माहीत असून पैसे वारसांत वाटले तर तेवढ्यापुरता तो स्वतः जबाबदार ठरू शकतो. मुले स्वतःच्या खिशातून देणे लागत नाहीत, या नियमाला असलेला हा महत्त्वाचा अपवाद आहे.

राज्याला मृत्यूची सूचना वेळेवर द्यावी. कॅलिफोर्नियात ती मृत्यूपासून ९० दिवसांत द्यावी लागते आणि त्यानंतर खात्याला दावा करण्यासाठी चार महिने मिळतात. सूचना न देण्याने दावा नाहीसा होत नाही, उलट राज्याची मुदतच सुरू होत नाही, आणि घर विकताना वर्षानुवर्षांनी तो पुढे येतो.

एक वारस पुण्यात आणि दुसरा डॅलसमध्ये असेल, तर सगळ्या पत्रव्यवहारासाठी एकाच व्यक्तीला नेमावे. सरकारी पत्रातली मुदत पत्रावरच्या तारखेपासून मोजली जाते, आणि ते पत्र व्हॉट्सॲपवर फोटो काढून सर्वांना दाखवेपर्यंत तिच्यातले दिवस खर्ची पडतात.

आठवी पायरी: दावा ओळीओळीने तपासणे

पत्रात एकच आकडा असेल तर सेवेची तारीख, सेवेचा प्रकार आणि दिलेली रक्कम यांचा तपशीलवार हिशेब लेखी मागावा. तो आल्यावर पुढील गोष्टी पाहाव्यात. वयाच्या ५५ पूर्वीची कोणतीही नोंद नको, अर्थात व्यक्ती कायमची संस्थेत राहत असल्याचे राज्याने ठरवले नसेल तर. मेडिकेअरने भरायला हवे होते असे पहिले २० दिवस मेडिकेडच्या नावावर टाकलेले नाहीत ना, ते पाहावे. फक्त बंधनकारक सेवांचीच वसुली करणाऱ्या राज्यात साध्या डॉक्टरांच्या भेटी किंवा दाताची कामे यादीत नकोत. रुग्ण रुग्णालयात असताना त्याच दिवसांचे नर्सिंग होमचे पैसे लावलेले असतील तर त्याचा खुलासा मागावा.

मॅनेज्ड केअरची बाब विशेष ध्यानात घ्यावी. राज्य एखाद्या विमा कंपनीला दरमहा ठरावीक रक्कम देते आणि मृत्यूनंतर तीच रक्कम मागते, मग त्या महिन्यात रुग्णाने सेवा नाममात्रच घेतलेली का असेना. मॅकपॅकने २०२१ मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवून, प्रत्यक्ष शुश्रूषेचा खर्च कमी असेल तर तेवढाच मागण्याची मुभा राज्यांना असावी, अशी शिफारस केली होती. कायदा बदललेला नसला तरी व्यक्ती त्या योजनेत नेमकी केव्हापासून केव्हापर्यंत होती आणि मृत्यूनंतरच्या महिन्याचे पैसे धरलेले नाहीत ना, हे तपासता येते.

मग येतो देण्यांचा क्रम. अंत्यसंस्कार, प्रोबेटचा खर्च आणि घरावरचे गृहकर्ज यांसारखी काही देणी राज्याच्या दाव्याच्या आधी फेडली जातात. टेक्सासमध्ये मेडिकेडचा दावा देण्यांच्या क्रमात सातव्या वर्गात येतो, आणि तेथे घराचा मालमत्ता कर, दुरुस्ती, वीजपाणी यांवर कुटुंबाने केलेला आवश्यक खर्च दाव्यातून वजा करून मागता येतो. समजा, दावा ९०,००० डॉलरचा आहे आणि आई नर्सिंग होममध्ये असताना मुलाने तीन वर्षे वर्षाला ९,००० डॉलर घराच्या करावर व दुरुस्तीवर भरले. पावत्या असतील तर त्याला २७,००० डॉलरची वजावट मागता येते, आणि त्या नसतील तर तो खर्च सिद्ध करणे फार कठीण जाते.

नववी पायरी: अडचणीच्या आधारावर सूट मागणे

वसुलीमुळे वारसांवर अवाजवी संकट येत असेल तर ती माफ करण्याची पद्धत प्रत्येक राज्यात असलीच पाहिजे, असे संघीय कायदा सांगतो. निकष राज्य ठरवते. संघीय मार्गदर्शनात उदाहरणे दिलेली आहेत: वारसांच्या उपजीविकेचे एकमेव साधन असलेली शेती वा छोटा व्यवसाय, आणि साधारण किमतीचे राहते घर, म्हणजे त्या काउंटीतील (जिल्ह्यातील) घरांच्या सरासरी किमतीच्या निम्म्याहून अधिक नसलेले. कॅलिफोर्नियाने हा निम्म्या किमतीचा निकष कायद्यातच घेतला आहे. टेक्सासमध्ये घराचे करमूल्य १,००,००० डॉलरपर्यंत असेल आणि वारस असलेल्या भावंडाचे किंवा थेट वंशजाचे कौटुंबिक उत्पन्न संघीय दारिद्र्यरेषेच्या ३०० टक्क्यांहून कमी असेल, तर सूट मागता येते. आणि मृत्यूआधी किमान एक वर्ष त्या घरात सलग राहिलेले अविवाहित प्रौढ मूल असेल तर तेथे वसुलीच होत नाही.

मुदत फार थोडी असते. कॅलिफोर्निया आणि टेक्सास या दोन्ही राज्यांत ती नोटिशीपासून ६० दिवसांची आहे. अर्जात भावना जरूर असाव्यात, पण निर्णय आकड्यांवर होतो. वारसाचे मागील दोन वर्षांचे कर विवरण, भाड्याचे दर, गृहकर्ज मिळू शकत नसल्याचे बँकेचे पत्र, आजाराचे दाखले, अवलंबून असलेल्या व्यक्तींची यादी, आणि घर गेल्यास कुटुंब कोठे राहील याचे सरळ उत्तर, हे सर्व जोडावे. अर्ज नाकारला गेला तर अपिलाची संधी असते, आणि पहिल्या अर्जात राहिलेला कागद तेव्हा जोडता येतो का, हे नकाराच्या पत्रातच पाहावे.

वकील परवडत नसेल तर ६० वर्षांवरील व्यक्तींसाठी संघीय निधीतून चालणारी मोफत कायदेशीर मदत प्रत्येक राज्यात आहे. हयात पती वा पत्नीच्या नावाने ती मागता येते. पैसे देऊन सल्ला घ्यायचा असेल तर सर्वसाधारण वकिलापेक्षा वृद्धांच्या कायद्यात काम करणारा, त्याच राज्याचा वकील शोधावा.

दहावी पायरी: तडजोड आणि दाखला

सूट मिळाली नाही तरी सगळे संपत नाही. अनेक राज्ये कमी रकमेवर तडजोड करतात, हप्ते देतात, किंवा घरात राहणाऱ्या वारसाच्या हयातीपर्यंत वसुली पुढे ढकलून फक्त बोजा ठेवतात. तो पर्याय लेखी मागावा आणि त्यावर व्याज लागणार आहे का, हे आधी विचारावे.

आईवडील मुलांच्या प्रायोजकत्वावर आलेले असतील तर आणखी एक बाब पाहावी लागते. ग्रीन कार्डासाठी मुलाने सही केलेले आर्थिक हमीपत्र हे या वसुलीपासून पूर्णपणे वेगळे आहे, आणि त्यात मेडिकेडसारख्या मदतीची परतफेड प्रायोजकाकडे मागण्याची तरतूद आहे. आईवडील नागरिक झाले, किंवा त्यांच्या नावे कामाच्या ४० तिमाह्या जमा झाल्या, की पुढची हमी संपते. राज्याचे पत्र कोणत्या कायद्याखाली आले आहे, हे म्हणूनच सही करण्याआधी वाचले पाहिजे. मालमत्तेवरच्या दाव्याच्या पत्रावर वैयक्तिक जबाबदारी मान्य करणारे कोणतेही वाक्य असेल तर सही करू नये.

रक्कम ठरली आणि भरली, किंवा दावा मागे घेतला गेला, की त्याचा लेखी दाखला घ्यावा. घरावर बोजा असेल तर तो उतरवल्याचा दस्त काउंटीच्या नोंदणी कार्यालयात नोंदवून त्याची प्रत घ्यावी, कारण कार्यालयाने पत्र दिले म्हणजे नोंद आपोआप पुसली जाते असे नाही. वारसांतली वाटणी त्यानंतर करावी.